दुर्पतासाठी पेटी

“गेलं,” दुर्पता म्हणाली आणि तिनं बोटाचं टोक माझ्या नाकासमोर धरलं.

बोटावर पाण्याचा थेंब होता आणि थेंबात सोन्याचा एक कण. तिळाहून लहानच, पण सकाळच्या उन्हात तो असा ऐटीत बसला होता की मला त्याचा रागच आला. माझ्या पेटीतून वाहून गेलेली रेती तिनं आपल्या काठवटीत घेऊन पुन्हा धुतली होती आणि त्या वाया गेलेल्या रेतीत हा सापडला होता. म्हणजे पेटी याही मंगळवारी नापास झाली होती.

“एकच तर आहे,” मी म्हणालो.

“आज एक. रोजचा एक धरा, मंग वर्साचे किती होतीन ते तुमीच पाहा.”

तिनं गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली वेळूची बारीक नळी काढली, तो कण आत सोडला, वर मेणाचा बोळा दाबला आणि नळी पुन्हा पदराआड केली. सोनं धुणाऱ्यांची तिजोरी तेवढीच असते. मी पेटीकडे पाहत उभा राहिलो. माझी माय दारात तांदूळ पाखडत होती. अंगणात रेती, चिखल, फळ्या, खिळे आणि पाण्याचे गुंड-घागरी यांचा असा काही बाजार मांडला होता की तिला तुळशीपर्यंत जायला वाट उरली नव्हती. नदी आणलीच आहेस अंगणात, तर आता मासोळ्याही सोड, म्हणजे संध्याकाळच्या भाजीची काळजी मिटेल, असं ती मला सुनावून मोकळी झाली. दुर्पता हसली. मी हातोडा उचलला आणि एक पट्टी उखडून काढली.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होतील. गोंदियाकडचं आमचं गाव धानाचं. तिथल्या एका राइस मिलमध्ये मी मिस्त्री होतो. बाप लवकर गेलेला, घरात मी आणि माय. शिक्षण बेताचं, पण यंत्र समोर आलं की त्याचं दुखणं मला पटकन कळायचं. मालक म्हणायचे, नेतराम मशीनच्या छातीला कान लावतो आणि रोग सांगतो. माणसांच्या बाबतीत मात्र माझा कान पहिल्यापासून जरा जडच होता.

त्या पौषात मालकांच्या नव्या गोदामासाठी रेती आणायला मी बैलबंडीबरोबर नदीवर गेलो. नदीच्या वळणावर, थोडं उंचावर, रेती धुऊन सोनं काढणाऱ्यांची आठ-दहा घरं होती. लहानपणापासून ती लांबून पाहिलेली, पण त्यांचं काम जवळून कधी पाहिलं नव्हतं. दुर्पता गुडघ्यांच्या वर पाण्यात उभी होती. हातात शिवणीच्या लाकडाची उथळ काठवट. तीत रेती घ्यायची, पाण्याला टेकवून फिरवत राहायचं. हलकी रेती काठावरून निघून जाते, तळाला काळी रेती उरते आणि त्या काळ्या रेतीत नशीब असलं तर एखादा पिवळा कण. मग पुन्हा नवी रेती. सकाळपासून ऊन कलेपर्यंत हेच.

मला आधी तिचे हात आवडले, खोटं कशाला सांगू. इतकं सारखं, इतकं न चुकता फिरणारं मिलमध्ये एकही चाक नव्हतं. नंतर ती काठवट बाजूला ठेवून सरळ उभी राहायला गेली, तर कमरेवर हात ठेवून, दात आवळून, हळूहळू उठली. वय बाविशीचं आणि उठणं म्हातारीचं. त्यानंतर कितीतरी वेळा मी उगाच रेती आणायला गेलो. गोदामाला लागली त्याच्या दुप्पट रेती झाली असेल.

तिची आई वारलेली होती. भाऊ-बहीण कोणी नाही. बाप मंगरूकाका काठावर बिडी ओढत बसलेले असत. उभा जन्म गार पाण्यात काढून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, वाकणं तर लांबच. त्यांच्याशी माझ्या गप्पा जमायला लागल्या. एकदा सहज विचारल्यासारखं करून मी मुलीच्या लग्नाचं काढलं. ते नदीकडे पाहत म्हणाले, “ही पान्यातून सुटंल तवा हिचं लगन करीन. तवर घरात दुसरा हात नाई, बाप्पा. ही गेली तं मी का खाऊ?”

मी तिथंच त्यांना सांगून टाकलं की काठावर बसून, न वाकता, एकट्या माणसाला रेती धुता येईल अशी पेटी मी बनवतो. मिलमध्ये धान आणि तांदूळ वेगळे करतो, मग सोनं आणि रेती का नाही होणार? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. मग दुर्पताकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, बनव. मंगळवारी बाजार असतो, ही सोनाराकडे येतेच, जाता जाता तुझ्या घरी रेती आणून पाहत जाईल. पेटी जमली असं हिनं सांगितलं की मी बघेन.

म्हणजे आता सगळं माझ्या हातात होतं. पेटी झाली की मंगरूकाका स्वतःच्या पोटापुरतं बसून धुतील, दुर्पता मोकळी होईल आणि मग मी बोलेन. रिकाम्या हातानं मुलगी मागायची नाही, हे मी पक्कं केलं होतं. जातीचा प्रश्न होता, मायचा होता, पण ते सगळे प्रश्न मी पेटीनंतरच्या खात्यात टाकून दिले. काय बोलायचं तेसुद्धा पाठ होतं.

पहिली पेटी म्हणजे नुसतं एक लांब लाकडी पन्हाळं होतं. तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, एक टोक उंचावर. वरून रेती टाकायची आणि पाणी ओतायचं. हलकं ते पट्ट्यांवरून उड्या मारत निघून जावं, जड ते पट्टीच्या मागं थांबावं, एवढंच तत्त्व. पण उतार जास्त झाला की सगळंच पळायचं आणि कमी झाला की पट्ट्यांमागं रेती दाटून बसायची. मी खाली विटांचे तुकडे सरकवून सरकवून थकलो. दुर्पतानं नदीवरून आणलेली रेतीची टोपली तीत रिकामी केली, पाणी ओतून पाहिलं आणि म्हणाली, एकानं पाणी ओतायचं, एकानं रेती टाकायची, मग एकट्या माणसाचं काय झालं? बोलणं खरं होतं.

दुसऱ्या पेटीत पट्ट्यांच्या खाली घोंगडीचा तुकडा घातला, बारीक भुकटी लोकरीत अडकावी म्हणून. घोंगडी मायची होती आणि तिला विचारलेलं नव्हतं. त्यावरून दोन दिवस आमच्या घरात बोलणं बंद होतं. ही पेटी बरी होती, पण दुर्पतानं धुऊन निघालेली रेती काठवटीत घेतली आणि वाया गेलेली भुकटी मला दाखवली. तीही तक्रार खरी होती.

तिसरी पेटी मात्र मिलनं शिकवली. आमची चाळणी नुसती तिरपी नसते, ती हलते, आणि हलण्यानंच जड आणि हलकं आपापल्या वाटेला लागतं. मी पेटी आखूड केली, वर मोडीतल्या चाळणीचा तुकडा बसवला म्हणजे खडे वरच राहतील, खाली तिरपी ताणलेली घोंगडी, तिच्या खाली पट्ट्या. बैलगाडीच्या जुन्या चाकाचे दोन वाकडे तुकडे बुडाला लावले आणि बाजूला एक दांडा. पेटी डोलायला लागली. एका हातानं दांडा हलवायचा, दुसऱ्या हातानं लांब दांडीच्या डब्यानं पाणी ओतायचं, आणि हे सगळं पाटावर बसून. पहिल्यांदा ती माझ्या हाताखाली डोलली तेव्हा मी मायला हाक मारून बाहेर बोलावलं. मायनं पाहिलं आणि चांगली आहे म्हणाली. मायच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

त्या मंगळवारी घोंगडीचा तुकडा पाण्यात पिळला तेव्हा तळाला पिवळी भुकटी दिसली. पिठासारखी बारीक, पण होती. मी दुर्पताकडे पाहिलं. वाहून गेलेली रेती तिनं काठवटीत घेतली, आमच्याकडे पाठ करून बसली, कारण ऊन डोळ्यांवर येतं म्हणे, आणि धुऊन झाल्यावर उठून आली ती बोटावर तो कण घेऊनच.

त्यानंतर प्रत्येक मंगळवार असाच गेला. मी पट्ट्या जवळ घेतल्या, लांब नेल्या, त्यांना पुढं कलती धार दिली. डोलण्याचा झोका कमी केला. चाळणी बदलली. भुकटी दरवेळी जास्त थांबू लागली आणि दरवेळी एक मोठा कण मात्र निसटून जायचा. मिलमध्ये पट्टे घालताना, तेल सोडताना माझ्या डोक्यात तेच. बारीक थांबतं आणि मोठं जातं, हे कसं? भुसा खाली बसावा आणि खडा उडून जावा, असलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी फळीवर कोळशानं रेघोट्या मारून पाण्याची वाट काढून पाहिली, रंगवलेले तांदूळ सोडून पाहिले. सगळे पट्टीमागं गुमान थांबायचे. सोन्यालाच काय धाड भरली होती कोण जाणे.

आणि तरी त्या दिवसांइतकं सुख मला पुढं कधी झालं नाही. बुधवार उजाडला की मी मंगळवारची वाट पाहायला लागायचो. ती आधी बाजार उरकून दुपारी यायची, पुढं पुढं सकाळीच यायला लागली, सोनाराकडे नंतर जायची. मला वाटायचं, कामात किती चोख आहे. मी ठोकाठोकी करत असायचो आणि ती पायरीवर बसून मायला तांदूळ निवडू लागायची. नदी सोनं कुठं ठेवते ते सांगायची. वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या दगडाच्या पाठीमागं, काठच्या गवताच्या मुळाशी. पाणी जिथं दमतं तिथं ते जड सामान खाली ठेवतं, असं तिचं म्हणणं. एकदा तिच्याकडे पाहता पाहता मी हातोडा अंगठ्यावर मारून घेतला. ती पोट धरून हसली आणि मग पदराची चिंधी फाडून तिनं ती अंगठ्याला बांधली. ती चिंधी मी जखम भरल्यावरही बरेच दिवस सोडली नाही.

होळीच्या आधीच्या मंगळवारी मी तिला सांगितलं की मंगरूकाकांचा निरोप आला आहे. किती दिवस ही पेटी अंगणातच झोपा काढणार, येत्या रविवारी नदीवर आण, मी स्वतः पाहतो, असं त्यांनी कळवलं होतं. मी खुशीत होतो. कण निसटतो तर निसटू दे, त्यांना भुकटी दिसली म्हणजे पुरे.

दुर्पताचा चेहरा उतरला. “नका आनू,” ती म्हणाली. “आखीन एक मंगळवार पाहू.”

“तुले माझ्या हातावर भरवसा नाही,” मी म्हणालो. मला खरंच लागलं होतं.

“हातावर हाये. म्हनूनच म्हन्लं.”

याचा अर्थ मी काय लावला? की पेटी अजून कच्ची आहे आणि चारचौघांत माझी फजिती होऊ नये असं तिला वाटतं. रविवारपर्यंत मी मिलमधून दोन दिवस रजा घेऊन पेटीची प्रत्येक फट लाखेनं बुजवली. सोन्यालाच काय, पाण्यालासुद्धा नको तिथून वाट मिळणार नाही, अशी ती पेटी झाली.

रविवारी बंडीत पेटी घालून मी नदीवर गेलो. त्या घरांतली बायामाणसं काठावर जमली होती. मंगरूकाकांना दोघांनी धरून पाटावर बसवलं. त्यांनी दांडा हातात घेतला, जरा घाबरतच हलवला, डब्यानं पाणी ओतलं. थोड्या वेळात त्यांचा हात बसला. कितीतरी वर्षांनी तो माणूस आपल्या हातानं रेती धूत होता. रेतीची टोपली संपली तेव्हा त्यांनी घोंगडी स्वतः पिळली, काळी रेती काठवटीत फिरवली आणि तळाला भुकटीची बारीक पिवळी रेघ उमटली.

मग ते म्हणाले, गेलेली रेती आणा. दुर्पता पुढं झाली, पण त्यांनी तिला थांबवलं. बसल्या जागी मांडीवर काठवट घेऊन, गुंडातलं पाणी घालून ती सगळी रेती त्यांनी स्वतः धुतली. काठवटीत काहीच निघालं नाही. त्यांनी पुन्हा एक टोपली पेटीतून काढली, पुन्हा गेलेली रेती धुतली. पुन्हा काही नाही.

“दुर्पता,” ते म्हणाले, “तू तं म्हने, वाहून जाते.”

“आता जमली असंन,” ती खाली पाहत म्हणाली.

मंगरूकाकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मला जवळ बोलावलं, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. मला वाटलं, हीच वेळ. पाठ केलेलं पहिलं वाक्य माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. तेवढ्यात त्यांनी दुर्पताला सांगितलं, घरातून ताट घेऊन ये, दिवा लाव, कुंकू आण. ती गेली. मला काही कळेना. आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते मला सांगू लागले.

“आमच्यात बाईचं रेती धुवाचं भांडं तिच्या भावानं आपल्या हातानं घडवा लागते, नाईतं बापानं. दुसऱ्याच्या हातचं भांडं पान्यात घातलं तं नदी देत नाई. ही काठवट हिच्या मामानं हिच्या मायसाठी कोरली होती. हिले भाऊ नाई, म्हनून मायचीच वापरते. माह्यानं तं आता कोरनं होत नाई.” ते थांबले, नाक पुसलं. “देवानं उशिरा देल्ला, पन असा भाऊ देल्ला का त्यानं बहिनीची कंबर सोडवली.”

काठावरच्या बायांनी माना डोलवल्या. एकीनं पदर डोळ्यांना लावला. माझ्या कानात मिलचा पट्टा तुटल्यावर येतो तसा आवाज व्हायला लागला.

माझा चेहरा पाहून की काय, ते हळूच म्हणाले, “मनात नसंन तं पेटी वापस घेऊन जा. मले राग नाई येनार. जबरदस्तीनं कोनी भाऊ होत नाई.”

म्हणजे दार उघडं होतं. बंडी तिथंच उभी होती, बैल सोडलेलेही नव्हते. पेटी उचलायची आणि घरी जायचं, इतकं सोपं. पण मग दुर्पता उद्या सकाळी पुन्हा पाण्यात आणि मंगरूकाका पुन्हा काठावर बिडी ओढत. आणि पेटी परत नेली तर मुलीचा हात मागायला कोणतं तोंड घेऊन येणार होतो? ज्याच्यामुळं ती पाण्यातून सुटणार होती तेच मी उचलून नेलेलं असणार. शिवाय, हेही सांगून टाकतो, ती पेटी मी जन्मात केलेली सगळ्यांत चांगली वस्तू होती आणि नुकतीच ती चारचौघांत खरी ठरली होती. तिला बंडीत घालून माघारी न्यायला माझा हात उठत नव्हता.

दुर्पता ताट घेऊन आली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिच्या मनात काही असेल, तर आता दिसेल, एवढीच माझी अपेक्षा होती. भुवई हलली असती तरी मी बंडीकडे गेलो असतो. पण तिनं नजर ताटातल्या दिव्यावरून उचलली नाही आणि ताटही जराही डुगडुगलं नाही. मला वाटलं, हिला दर मंगळवारी फक्त पेटीच पाहायची होती. मी जे जे समजत होतो ते सगळं माझ्याच डोक्यातलं. मग निदान भाऊ म्हणून तरी हिच्या घरी येणं-जाणं राहील.

मी मान खाली घातली. तिचा अंगठा माझ्या कपाळाला लागला. पाण्यातून काढलेल्या वस्तूसारखा गार होता. मंगरूकाकांनी माझ्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला, बायांनी गूळ वाटला आणि माझं काम संपलं.

घरी येऊन मी मायला सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. “आन तू भाऊ बनला?” एवढंच ती म्हणाली. जातीचं, लोकांचं ज्याचं मला भय होतं, त्यातला एक शब्दही तिनं काढला नाही. तेव्हा मला कळलं की तिची समजूत घालायची गरजच नव्हती.

दुर्पताचं लग्न त्याच वैशाखात झालं, नदीपलीकडं बालाघाटच्या बाजूला, त्यांच्यातल्याच एका शांत, कष्टाळू माणसाशी. मी भाऊ म्हणून उभा राहिलो. मंगरूकाकांसाठी तीच पेटी ठेवली आणि दुर्पतासाठी मी दुसरी, तशीच, बनवून सासरी पोचवली. त्यानंतर पुष्कळ लोक विचारायला आले, पण तशी तिसरी मी कोणालाही बनवून दिली नाही. माझंही लग्न झालं. कौतिकासारखी चांगली बायको मिळाली, मुलं मार्गी लागली, तक्रारीला जागा नाही. दरवर्षी भाऊबीजेला मी नदी ओलांडून जातो. गावात लोक उदाहरण देतात, सख्खे नसून असे भाऊ-बहीण पाहिले नाहीत म्हणून. कौतिकाही देते. मंगरूकाकांना आमचं काही दिसलं होतं का आणि म्हणून त्यांनी मला पेटी बनव म्हटलं होतं का, की त्या साध्या माणसानं आपल्याकडचा मोठ्यात मोठा मान मला दिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते गेले तेव्हा खांदा मीच दिला.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं आहे.

गूळ वाटून झाल्यावर लोक पांगले. पेटी संध्याकाळच्या आत घरी न्यायची होती. जागा करायला मंगरूकाका काठी टेकत, एकाच्या आधारानं पुढं गेले. काठावर मी आणि दुर्पता उरलो. तिनं घोंगडीचा तुकडा पाण्यात घोळवला, पिळला, झटकून पेटीवर पसरला. मग गळ्यातली नळी काढली, बोळा उघडला आणि नळी तळहातावर आपटली.

“वळखता का?” ती म्हणाली.

तळहातावर एक कण होता. तिळाहून लहान, चपटा, एका बाजूनं दुमडलेला. मी वाकून पाहिलं. ती दुमड मी याआधीही पाहिली होती. तिच्या बोटावर, माझ्या नाकासमोर.

“दर मंगळवारी हाच होता,” ती म्हणाली. “पाठ करून बसत होते ना, तवा काठवटीत सोडत होते.”

मी कायले म्हणून विचारलं.

“बाबानं सांगतलं होतं, पेटी जमेपर्यंतच त्या घरी जायचं. आन जमली का तुमी माह्ये भाऊ.” तिनं मूठ मिटली. “जमू देल्ली नाई म्या. तुमी तं जमवतच गेले.”

“मंग सांगाचं होतं.”

“कसं सांगू? दर मंगळवारी सांगतच होते, नाई जमली, नाई जमली. तुमी पट्ट्या उखडत होते.”

मला एवढंच बोलता आलं की मला वाटलं, पेटीतच काही चुकतं आहे.

“ताट धरून उभी होते,” ती म्हणाली, “तवा वर पाहत नव्हते. वर पायलं असतं तं रडली असते. मनात म्हन्लं, आता तरी हा मानूस नाई म्हनंन.”

नदी समोरून वाहत होती. बंडी अजून उभी होती. मी म्हणालो, आताही काही बिघडलं नाही, पेटी घालतो बंडीत, घेऊन जातो. मी खरंच पेटीला हात घातला. तिनं माझ्याकडे पाहिलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ आणि पुरतं, आणि मी हात काढेपर्यंत पाहत राहिली.

“साऱ्या घराईनं पायलं,” ती हळू म्हणाली. “आन बाबानं आज किती वर्सानं रेती धुतली.”

मंगरूकाकांनी त्या दिवसाची भुकटी पळसाच्या पानात बांधून ठेवली होती. तिनं पान उघडलं, तो कण त्या भुकटीत सोडला आणि पुडी पुन्हा बांधली. मग ती पेटीच्या पलीकडच्या टोकाशी गेली, पदर खोचला आणि उचलायला वाकली.

“धरा, दादा,” ती म्हणाली.

त्याआधी तिनं मला कधी कशानंच हाक मारली नव्हती. मी माझ्या बाजूनं पेटी उचलली.